रात्री सपाता वाजतात तेव्हा

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रात्रीतून चार-पाच वेळा मामंजींच्या सपाता वाजायच्या. मोरीकडे जायचे, बराच वेळ थांबायचे, परत यायचे. सासूबाई म्हणायच्या, "वय झालं गं, चालायचंच!" शाळेच्या वह्या तपासण्याच्या गडबडीत मीही तेच खरं मानलं. संध्याकाळचं फिरणं त्यांनी का सोडलं, तेही कुणी विचारलं नाही.

मग एकदा सर्दी झाली म्हणून ह्यांनी दुकानातून गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी मामंजींना लघवीच होईना. ओटीपोट टणक झालं, वेदनेनं घाम फुटला. दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठे सुटका झाली. "रात्री उठायचा त्रास कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. आम्ही सासू-सुना एकमेकींकडे पाहत राहिलो. दोन वर्षांपासून, आणि ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं!

मैत्रिणींनो, पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. पन्नाशीनंतर बहुतेकांची ती हळूहळू वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण लक्षणं सारखी असू शकतात, म्हणून तपासून घ्यावंच.

लक्षणं अशी : वारंवार जावं लागणं, रात्री उठावं लागणं, सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, थेंब थेंब गळणं, पुरती झाली नाही असं वाटणं. लघवी अजिबात न होणं, त्यातून रक्त जाणं किंवा थंडी वाजून ताप येणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.

डॉक्टर बोटानं तपासतात, लघवी आणि रक्त तपासतात, सोनोग्राफी करतात. पीएसए नावाची रक्ततपासणी साध्या वाढीतही जास्त येऊ शकते, तेव्हा आकडा पाहून घाबरू नये. मामंजींना टॅम्सुलोसिन दिलं आहे. त्यानं एकदम उठलं की चक्कर येते, म्हणून पलंगावर क्षणभर बसूनच उठायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल, तर हे औषध चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगावं. ग्रंथी लहान करणारं औषधही असतं. त्याचा गुण यायला सहा महिनेसुद्धा लागतात. औषधानं भागलं नाही, तर पोट न कापता मूत्रमार्गातूनच शस्त्रक्रिया करतात.

आपल्या हातातलं थोडं :
- पाणी दिवसभर नेहमीसारखं द्यावं. झोपण्यापूर्वी दोन तास मात्र कमी. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको.
- बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पालेभाजी, फळं जेवणात असावीत.
- घाई न करता लघवी करावी, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करावा.
- मोरीच्या वाटेवर रात्री दिवा ठेवावा, फरशी कोरडी असावी.
- सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

सासऱ्यांना हे विचारायचं कसं, असा संकोच वाटतोच. मलाही वाटला. सुनेनं विचारू नये हवं तर. पण सासूबाईंच्या किंवा नवऱ्याच्या कानावर घालायला काय हरकत आहे? पुरुषमाणसं आपणहून सांगत नाहीत. घरात रात्री कोण किती वेळा उठतं, हे आपल्यालाच आधी कळतं.

आता सपाता रात्रीतून एकदाच वाजतात. आणि संध्याकाळी पाच वाजले की मामंजी छत्री घेऊन बाहेर पडतात.