राजदूत, वाळू आणि एक दुपट्टा

गेल्या हिवाळ्यात माझी जुनी राजदूत मोटारसायकल घरी परत आली. बदली झाली तेव्हा आलापल्लीच्या एका गृहस्थांना मी ती विकली होती. ते वारले आणि गाडी गोठ्यात पडून राहिली. मुलाने गोठा पाडायला काढला, तेव्हा त्याचा चंद्रपूरला फोन आला. ‘‘काकाजी, भंगारात द्यायला जीव होत नाही. तुमची तुम्ही न्या.’’

१९८७ साली मी गडचिरोली जिल्ह्यातल्या बँकेच्या शाखेत रुजू झालो, तेव्हा चांदा जिल्ह्यातून वेगळे होऊन गडचिरोलीला जेमतेम पाच वर्षे झाली होती. आलापल्लीपासून भामरागडकडे निघाले की मुरूम, लाल माती आणि नाले. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की पलीकडच्या गावांचा संबंध तुटे. अशा वाटांवर कर्जवसुलीला निघालेला बँकवाला, वनरक्षक आणि शाळेवरचे गुरुजी यांना एकच वाहन परवडे आणि पेलवे, ते म्हणजे राजदूत. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली, एस्कॉर्ट्स कंपनीने भारतात बनवलेली ही टू-स्ट्रोक गाडी जंगलातला कोणताही मिस्त्री झाडाखाली उघडून बसे.

परदेशात चिखलमातीच्या शर्यतींसाठी खास मोटारसायकली बनत. बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९६४ मध्ये २५० सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले, ते चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर. आपल्या म्हैसूरला बनणाऱ्या जावा आणि येझदीचे मूळही त्याच देशातले. आमच्याकडे शर्यती नव्हत्या, पण चिखल मात्र अस्सल होता.

आता या गाड्यांना पुन्हा दिवस आले आहेत. चंद्रपूर, बल्लारपूरकडची तरुण मुले जुन्या येझदी आणि राजदूत शोधतात, सुटे भाग मिळवतात आणि त्या पुन्हा रस्त्यावर आणतात. मला याचे कौतुक आहे. जी वस्तू दुरुस्त होऊ शकते ती टाकू नये, हा आपल्या घराघरांतला जुना संस्कारच आहे. म्हणून मीही हौसेने माझी गाडी एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने इंजिन उतरवले. ॲल्युमिनियमचे चेंबर आणि हेड काळेठिक्कर पडले होते. ‘‘ब्लास्टिंग करून आणतो. नव्यासारखं होते,’’ तो म्हणाला. कुतूहलापोटी मीही त्याच्याबरोबर गेलो.

मागच्या एका शेडमध्ये कॉम्प्रेसर धडधडत होता. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा नळी धरून उभा होता. नळीतून चाळलेली नदीची वाळू जोराने सुटत होती, मळ उडत होता आणि शेड पांढऱ्या धुराळ्याने भरली होती. मुलाच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. मी हटकले, तर हसून म्हणाला, ‘‘काही नाही होत काकाजी, दुपट्टा बांधतो ना मी!’’

इथेच माझा आक्षेप आहे. वाळू म्हणजे मुख्यत: सिलिका. ती धातूवर आपटून फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. दुपट्ट्याला ते अडत नाहीत. काही वर्षांनी धाप लागू लागते. या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्यावर उपाय नाही. त्याने क्षयाची शक्यता वाढते, आणि पुष्कळदा तो क्षयच समजून त्यावर औषधे दिली जातात. मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांनी हेच भोगले. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला मनाई केली. तुर्कस्तानात जीन्सला विटका रंग आणण्यासाठी वाळू मारणारी पोरे दगावू लागली, तेव्हा २००९ मध्ये तिथेही बंदी आली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवायचा रोग म्हणून नोंदलेला होता, पण दोन-चार माणसांच्या शेडला तो कायदा सहसा लागूच होत नसे.

बरे, यात गाडीचे तरी भले होते का? तेही नाही. ॲल्युमिनियम मऊ. वाळू त्याला ओरबाडते आणि पृष्ठभाग खरखरीत झाला की पुन्हा मळ धरतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण चेंबरमधूनच जाते. चेंबरच्या जोडाच्या कडा खराब झाल्या की ते हवा चोरते, आणि पिस्टन जाम होण्याची वेळ येते. आत राहिलेला एखादा कण बेअरिंग खातो तो वेगळाच.

चांगला मार्ग आहे. आधी रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने मळ काढावा. कॉस्टिक सोडा लावू नये, तो ॲल्युमिनियमच खातो. मग बेअरिंगच्या जागा आणि आट्यांची भोके बुजवून, बंद पेटीत, कमी दाबाने काचेचे बारीक मणी मारावेत. पाण्याबरोबर मारले तर धूळ जवळजवळ उडतच नाही. शेवटी गरम पाण्याने धुऊन प्रत्येक भोकातून हवा मारावी. मिस्त्रींना हे ठाऊक नसते असे नाही. ‘‘मणी विकत आणावे लागतात साहेब, वाळू फुकट पडते. गिऱ्हाईक पैसे देत नाही,’’ असे माझ्या मिस्त्रीने सरळ सांगितले.

खरी गोम इथे आहे. गिऱ्हाईक म्हणजे मीच. सारी हयात मी खर्चाचे आकडे तपासले, आणि फुकट दिसणारा खर्च कोणाच्या तरी नावावर पडलेला असतो, हे मला कळायला हवे होते. इथे तो त्या पोराच्या नावावर पडत होता. शौक माझा आणि धाप त्याची, हा हिशेब मला मान्य नाही.

मी माझे चेंबर तसेच परत आणले. आठवडाभर अंगणात बसून ब्रशने घासले आणि नागपूरला बंद पेटीत मणी मारणारा एक कारागीर शोधला. पैसे जास्त गेले, दोन महिने थांबावे लागले. चेंबरचा रंग आता आरशासारखा नाही, शांत राखाडी आहे. गाडी मात्र पहिल्या-दुसऱ्या किकला उठते. त्या शेडमध्ये मी पुन्हा गेलो, मुलाशी आणि मालकाशी बोललो. मालक म्हणाला, ‘‘दहा गिऱ्हाइकं मणी मागतील तर उद्या पेटी बसवतो.’’

त्याचे म्हणणे मला रास्त वाटले. म्हणून जुनी गाडी उजळवायला देणाऱ्या प्रत्येकाने दर विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘‘हे कशाने साफ करणार?’’ उत्तर वाळू असे आले, तर आपला भाग उचलून घरी आणावा. काळे पडलेले चेंबर वर्षभर थांबू शकते.