डार्टिंग्टनचे छप्पर

इंग्लंडमधील जुन्या गढ्या-वाड्यांशी आम्हां बडोदेकरांचे काहीच नाते नाही असे नव्हे. कविवर्य टेनिसन यांचे ससेक्समधील 'ॲल्डवर्थ' हे घर पुढे काही काळ गायकवाडांच्याच मालकीचे होते. पण आज लिहावयाचे आहे ते डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन हॉलविषयी.

हा वाडा चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रिचर्ड राजाचा सावत्र भाऊ जॉन हॉलंड याने उभारला. १४०० साली त्याचा शिरच्छेद झाला. पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे तेथे चॅम्परनाउन घराणे नांदले. घराण्याला उतरती कळा लागली आणि १८१३ मध्ये मोठ्या दिवाणखान्याचे छप्पर उतरवावे लागले. १९२५ साली लिओनर्ड व डोरोथी एल्महर्स्ट या दांपत्याने वाडा घेतला तेव्हा दिवाणखान्यावर आकाशाखेरीज दुसरे छत नव्हते.

हे लिओनर्ड म्हणजे रवींद्रनाथांचे श्रीनिकेतन १९२२ साली ज्यांनी उभे करून दिले तेच. खेडे जगवावयाचे तर शेतीबरोबर गाणेही हवे, ही तिकडची शिदोरी त्यांनी डेव्हनला नेली. पैसा पत्नीच्या अमेरिकन माहेरचा! दिवाणखान्यावर पुन्हा ओकचे छप्पर चढले. १९२६ साली शाळा निघाली. हिटलरच्या जर्मनीतून निघालेले नर्तक कुर्ट योस यांना येथे आसरा मिळाला, मायकेल चेखव यांनी १९३६ मध्ये नाट्यशाळा काढली. १९५३ पासून उन्हाळी संगीतवर्ग भरू लागले, १९६१ साली कला महाविद्यालय आले.

पुढे ओहोटी लागली. १९८७ मध्ये शाळा बंद पडली. २०१० साली महाविद्यालय कॉर्नवॉलमधील फाल्मथला गेले. आता तेथे लग्ने लागतात, पाहुणे भाडे देऊन उतरतात, म्हणून नाक मुरडणारे रसिक आहेत. आम्हांस ते पटत नाही. धनवंताची थैली सरल्यावर भिंती आपल्याच मिळकतीवर उभ्या राहावयास हव्यात, आणि वऱ्हाडी मंडळींच्या पैशाने छप्पर गळावयाचे थांबत असेल तर त्यात विटाळ कसला? दुःख आहे ते महाविद्यालय गेल्याचे. नर्तक आणि गवई रोज ज्या अंगणात वावरत, तेथे ते आता वर्षातून काही दिवस पाहुण्यासारखे येतात. दिवाणखान्याला छप्पर पुन्हा चढवता आले. पण विखुरलेले गुरु-शिष्य पुन्हा गोळा करणारा कारागीर कोठून आणावयाचा?