किल्ली कुणाकडे?

मी वसतिगृहात राहात होते तेव्हा रात्री नऊ वाजता जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचे. किल्ली रेक्टरबाईंच्या उशाखाली. खिडक्यांना गज. 'मुलींची जबाबदारी आहे,' असे सांगितले जाई आणि आमच्या आईवडिलांनाही ते पटे. रात्री आग लागली तर बाहेर कसे पडायचे, हा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही कधी पडला नाही.

तो पडायला हवा होता. दक्षिण अमेरिकेतील गयाना देशात, माहदिया गावी २१ मे २०२३ च्या रात्री मुलींच्या शालेय वसतिगृहाला आग लागली. दूरच्या आदिवासी वस्त्यांतून शिकायला आलेल्या या मुली, आपल्या आश्रमशाळांतल्या मुलींसारख्याच. खिडक्यांना लोखंडी जाळ्या, दारांना कुलपे. घाबरलेल्या व्यवस्थापिकेला किल्ल्या सापडल्या नाहीत. वीस मुलांचा जीव गेला. आग लावल्याचा आरोप एका विद्यार्थिनीवरच ठेवला गेला. पण आग कुणीही लावो, बाहेर पडायची वाट अडवली ती कुलपांनी.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत अग्निसुरक्षा म्हणजे वर्षातून एखादे भाषण आणि भिंतीवर टांगलेले लाल नळकांडे. ते कसे वापरायचे हे किती मुलींना येते? आणि त्याहून मोठा प्रश्न, जिन्यात धूर भरला तर दुसरी वाट कोणती?

राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की बाहेर पडण्याचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतील आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. म्हणजे कुलूप ही शिस्तीची बाब नाही, ती मुलींच्या जिवाची बाब आहे.

बाहेरच्या धोक्याची काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्यासाठी फाटकावर रात्रभर जागी रखवालदार बाई नेमता येते, दाराला आतून उघडणारी कडी बसवता येते. त्याला पैसे लागतात. कुलूप स्वस्त पडते, आणि मुलींवर अविश्वास दाखवायला तर काहीच खर्च येत नाही.

मैत्रिणींनो, तुमची मुलगी, बहीण किंवा भाची वसतिगृहात असेल तर पुढच्या भेटीत तिला घेऊन कार्यालयात जा. प्रमाणपत्र दाखवायला सांगा. रात्री दाराची किल्ली कुणाकडे असते ते विचारा. आणि हे प्रश्न तिला स्वतःला विचारू द्या. 'उद्धट मुलगी' म्हणतील. म्हणू देत.