उपासना, गर्दी आणि विवेक

शारदीय नवरात्र जवळ येऊ लागले, की सोलापूर, लातूर आणि थेट कर्नाटकाकडून तुळजापूरला येणाऱ्या वाटा भाविकांनी फुलून जातात. अश्विनी पौर्णिमेला तर रात्रभर चालणाऱ्यांची रांग तुटत नाही. हे दृश्य पाहून ज्याचे मन भरून येत नाही, असा मराठी माणूस विरळाच. परंतु २०२० च्या अश्विनात याच वाटा ओस होत्या, ही गोष्ट आपण आता विसरू लागलो आहोत. गरज सरो, वैद्य मरो, ही आपली जुनी खोड. संकट डोक्यावर असताना जो विचार करण्यास उसंत मिळाली नाही, तो शांतपणे करण्याची वेळ हीच आहे, असे आम्हांस वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे भवानीचे मंदिर भाविकांना बंद झाले. १७ ऑक्टोबरची घटस्थापना आणि २५ ऑक्टोबरचा दसरा मोजक्या पुजाऱ्यांच्या व मानकऱ्यांच्या उपस्थितीत पार पडला. दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी, राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद केली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्याच दिवशी, ती पुन्हा खुली झाली. तेरची गोरोबाकाकांची आणि येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्रातील यात्रा त्या दोन्ही वर्षी नेहमीसारखी भरू शकली नाही. २०२० मध्ये मुसलमान बांधवांनी ईदची नमाज घरी अदा केली आणि ख्रिस्ती बांधवांचा ईस्टरही घरातच साजरा झाला. कोणत्याही एका धर्मावर आलेले हे गंडांतर नव्हते.

ही बंदी योग्य होती काय? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे : होय, ती आवश्यक होती. हा रोग श्वासावाटे पसरतो. आपले गाभारे अरुंद आणि दर्शनाच्या रांगा तासन्‌तास चालणाऱ्या. शिवाय यात्रेकरू प्रसादाबरोबर रोगही शेकडो गावी नेऊ शकतो. ‘मला देवीवर भरवसा आहे, मी मरणाला भीत नाही’ असे म्हणणारा भक्त धीराचा खरा. पण तो जो धोका पत्करतो, तो त्याच्या एकट्याचा नसतो. घरी अंथरुणावर असलेल्या वृद्ध मातेच्या वतीने धीर दाखविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आणि दार बंद झाले म्हणून उपासना थांबली काय? नवरात्राचा मूळ विधी घरोघरी घट बसविण्याचा आहे. पत्रावळीवरच्या मातीत धान्य पेरून नऊ दिवस नंदादीप तेवत ठेवणाऱ्या गृहिणीचे व्रत त्या वर्षीही खंडित झाले नाही. मराठी ख्रिस्ती समाजात चर्चला ‘मंडळी’ असा फार अर्थपूर्ण शब्द आहे. मंडळी म्हणजे माणसे; इमारत नव्हे. इमारतीला कुलूप लागले, तरी एकमेकांची विचारपूस करणारी मंडळी शिल्लक राहतेच. तरीही एकत्र येण्याची ओढ क्षुल्लक आहे, असे आम्ही म्हणत नाही. एका सुरात आरती म्हणताना मनुष्याला जो आधार मिळतो, तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मिळत नाही. म्हणूनच हा त्याग मोठा होता. आणि ज्यांनी तो मागितला, त्यांची जबाबदारीही तेवढीच मोठी होती.

ती पार पडली असे मात्र म्हणवत नाही. ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या क्षमतेने उघडली, देवळे मात्र बंदच राहिली. त्यामागे काही कारणे असतीलही. पण ती सामान्य भाविकाला पटतील अशा भाषेत कोणी सांगितली नाहीत. त्याच महिन्यात राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रांची चकमक झडली आणि आरोग्याचा प्रश्न राजकारणाच्या आखाड्यात ओढला गेला. तुळजापूरचे पुजारी, कुंकू आणि कवड्यांच्या माळा विकणाऱ्या बाया, गोंधळी, आराधी, रिक्षावाले यांची चूल भाविकांच्या येण्यावर पेटते. त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न या गदारोळात कोपऱ्यात पडला.

याहून गंभीर दोष पंक्तिप्रपंचाचा. दिल्लीतील तबलिगी मेळाव्याचे निमित्त करून २०२० मध्ये एका संपूर्ण समाजाकडे बोट दाखविण्यात आले. त्या मेळाव्यात बेफिकिरी झाली नाही, असे नाही. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा बनविल्याचा अभिप्राय नोंदविला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट उसळत असताना, हरिद्वारच्या कुंभमेळ्यात लाखोंची गर्दी होऊ दिली गेली. विषाणूला माणसाचा धर्म कळत नाही; राज्यकर्त्यांना तो नको तितका कळतो. ज्या नियमात आपला-परका भेद आहे, तो नियम कोणीही मनापासून पाळणार नाही.

यावर उपाय आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. अर्भकाला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्या वयात, यासारख्या मूलभूत बाबतीत त्यांचे मतभेद होते. तरी दोन्ही रीतींना जागा ठेवून त्या एक झाल्या. ऐक्यासाठी आपला विधी सोडावा लागत नाही, हा त्याचा बोध. धाराशिव जिल्ह्यातील मंदिरे, ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्यासह सर्व दर्गे, मशिदी, विहार आणि चर्च यांच्या प्रतिनिधींना तर एक होण्याचीही गरज नाही. त्यांनी केवळ एका बैठकीस बसून साथीच्या काळाची एक लेखी आचारसंहिता ठरवावी. दार कोणत्या परिस्थितीत बंद करावे, कोणत्या क्रमाने उघडावे, नित्यविधी किती जणांनी करावेत आणि उत्पन्न बुडालेल्यांना संस्थानांनी कसा हात द्यावा, एवढे प्रश्न त्यात सुटले तरी पुरे. जिल्हाधिकारी हेच तुळजाभवानी मंदिर संस्थानाचे अध्यक्ष असतात. पुढाकार घेण्यास त्यांच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी कोण?

साथ पुन्हा केव्हा येईल, हे ज्योतिषी सांगू शकत नाही आणि वैद्यही. ती येईल, एवढे मात्र इतिहास सांगतो. त्या दिवशी दार लावण्याचा हुकूम मुंबईहून येण्याची वाट न पाहता, गावातील सर्व धर्मांच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांना सांगून आपापले दार लावले, तर त्यात कोणाचाच पराभव नाही. दसऱ्याला आई भवानी सीमोल्लंघन करते. आपणही आपापल्या पंथाची सीमा एवढ्या एका कामापुरती ओलांडावी, हीच आमची विनंती आहे.