उटण्याचे पाकीट आणि हरभऱ्याचा भाव

दिवाळी तोंडावर आली की तालुक्याच्या पेठेत एक गोष्ट हमखास दिसते. सोयाबीन घालून शेतकरी आडतीवरून बाहेर पडतो, पट्टीचे पैसे मोजून आतल्या खिशात ठेवतो आणि किराणा दुकानापुढे उभा राहून घरून दिलेली यादी काढतो. तेल, रवा, साखर, पणत्या, वासाचा साबण, आणि सर्वांत शेवटी ‘उटण्याची पाकिटे दोन’. नरकचतुर्दशीच्या पहाटेसाठी!

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, ते पाकीट उलटे करून मागची बाजू कधी वाचली आहे का? बहुतेक पाकिटांवर हरभऱ्याचे किंवा मसुरीचे पीठ, हळद, संत्र्याची साल, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी अशीच नावे असतात. यातले निम्मे तुमच्या घरात आजच्या घडीला आहे. उरलेले गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानात थोडक्या पैशात मिळते.

आता जरा हिशेब करू. समजा ५० ग्रॅमचे पाकीट ४० रुपयांना मिळाले. म्हणजे किलोला ८०० रुपये पडले. २०२४-२५ च्या रब्बी हंगामातल्या हरभऱ्याचा हमीभाव होता क्विंटलला ५,६५० रुपये, म्हणजे किलोला साडेछप्पन्न. हमीभाव सगळ्यांच्या पदरात पडतोच असे नाही, ते वेगळे दुखणे. पण पडला असे धरले, तरी चौदा किलो हरभरा घालावा तेव्हा एक किलो उटणे घरात येते. त्या उटण्यात पुन्हा मुख्य माल कोणता? हरभऱ्याचेच पीठ!

यात दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. दळण, पाकीट, वाहतूक, जाहिरात, कर हे सारे त्या किमतीत आहे, आणि धंदा करणारा नफा घेणारच. प्रश्न आपला आहे. जे घरच्या जात्यावर किंवा गावच्या गिरणीत तासाभरात होते, ते आपण विकत का आणावे? घरचे ते गावंढळ आणि पाकिटातले ते चांगले, ही समजूत आपल्या मनात कोणी घातली?

आमच्या लहानपणी घरात उटणे म्हटले की त्याला कृती विचारावी लागत नसे. मसुरीची डाळ कोरडी भाजायची, जाडसर दळायची, त्यात हळद कालवायची, झाले. आजी म्हणायची, “अरे, अंगाला तेल लाव, मग पीठ चोळ, मळ आपोआप सुटतो.” तिच्या बोलण्यात शास्त्र होते. तेलाने अंगावरचा चिकट मळ सैल होतो. पीठ ते तेल शोषून घेते आणि चोळताना कातडीवरचा मेलेला थर सोबत घेऊन निघते. हरभऱ्यात फेस आणणारे काही घटक निसर्गतःच असतात, त्यामुळे पिठाने अंग साबणाशिवायही बऱ्यापैकी स्वच्छ होते.

आता कृती. दोन वाट्या हरभरा डाळीचे पीठ, एक वाटी मसुरीचे पीठ, अर्धी वाटी संत्र्याच्या सालीची पूड, दोन चमचे आंबेहळद, आणि वासासाठी दोन-दोन चमचे नागरमोथा व कपूरकाचरी. संत्र्याची साल उन्हात टाकण्याआधी धुऊन घ्यावी, कारण बागेतली फवारणी सालीवरच बसलेली असते. साल सावलीत सुकवून शेवटी एक ऊन द्यावे. हाताने मोडल्यावर ‘कट्‌’ आवाज आला की दळायला झाली. हळद शक्यतो घरची किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची घ्यावी. पिवळाधमक रंग दिसावा म्हणून बाजारातल्या भुकटीत शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार सापडलेले आहेत. सांगली, हिंगोलीसारखे हळदीचे जिल्हे आपल्या राज्यात असताना रंगवलेली हळद अंगाला लावायची, याला काय म्हणावे?

नागरमोथ्याचेही एक गंमतच आहे. ज्या लव्हाळ्याला आपण शेतात शिव्या घालतो आणि खुरपून खुरपून थकतो, त्याच्याच जातकुळीतला हा. मात्र तणनाशक मारलेल्या रानातून गाठी खणून आणू नका. दुकानातून छटाकभर आणलेला बरा.

हे सगळे एकत्र करून चाळावे. चेहऱ्यासाठी वस्त्रगाळ, हातापायांसाठी थोडे रवाळ. कोरड्या डब्यात दोन-तीन महिने सहज टिकते. ओले मात्र एका वेळेपुरतेच कालवावे. दूध, दही किंवा पाणी घालून उरलेले दुसऱ्या दिवशी वापरू नये, ते आंबते. कातडी कोरडी असेल तर सायीत कालवा, तेलकट असेल तर नुसत्या पाण्यात. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट बघा. खाज किंवा पुरळ उठले तर ते तुमच्यासाठी नाही. तान्ह्या बाळाला तर पीठ चोळूच नका, त्याची कातडी फार नाजूक असते.

इथपर्यंत सोपे झाले. आता जे सांगायचे आहे ते नीट वाचा, आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी उटणे लावू नये आणि अंगाला तेलही चोळू नये. पुष्कळ कीटकनाशके तेलात विरघळतात. तेल लावले की ती कातडीतून आत जायला वाट सोपी होते, आणि खरखरीत पिठाने घासले की कातडीचे वरचे कवच निघून ती वाट आणखी रुंद होते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ती घरे अजून सावरलेली नाहीत. म्हणून फवारणीनंतर आधी कपडे वेगळे काढा, भरपूर पाण्याने आणि साध्या साबणाने न रगडता अंघोळ करा. चक्कर, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी सोबत न्या. उटण्याची अंघोळ दुसऱ्या दिवशीही होते हो!

दुसरी चूक लिंबाची. रंग उजळतो म्हणून लिंबाचा रस अंगाला चोळतात आणि तसेच उन्हात कामाला जातात. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. तिसरी चूक जाड मिठाची. मीठ किंवा साखर टाचांना चालेल, पण टाच फुटून रक्त दिसत असेल तर नाही. चेहऱ्याला तर मुळीच नको. आणि रंगाचे म्हणाल, तर कोणत्याही उटण्याने सावळा माणूस गोरा होत नाही. होण्याची गरजही नाही. अंग स्वच्छ होते, मऊ होते, एवढे पुरे.

आपली कॉलेजात जाणारी पोरे ‘स्क्रब’ म्हणून नळीतले काहीतरी आणतात. अशा काही मालात पूर्वी प्लॅस्टिकचे बारीक मणी घालत. ते गटारातून नदीत आणि पुढे माशांच्या पोटात जातात, म्हणून अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ते घालायला बंदी केली. डाळीचे पीठ गटारात गेले तर मातीच होते. पोरांना हे सांगा, ती समजूतदार असतात.

शेवटी दोन शब्द सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचत गटांच्या ताईंसाठी. दिवाळीच्या आधी पुष्कळ गट उटणे करून विकतात. हेतू चांगला आहे. पण घरच्यासाठी करणे वेगळे आणि विकणे वेगळे. विक्रीसाठी प्रसाधन तयार करायला २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे परवाना लागतो, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची चौकशी करता येते. ‘खरूज बरी होते’, ‘डाग जातात’ असे पाकिटावर छापले की ते औषधाच्या कायद्यात जाते. हे माहीत नसल्याने उद्या एखाद्या गरीब गटावर कारवाई झाली, तर त्यांचे भांडवल बुडेल आणि उत्साहही. म्हणून गट दारात येईल याची वाट न बघता ग्रामपंचायतीने श्रावणातच माहिती काढून ठेवावी. गावात एकालाच परवाना मिळाला आणि चार गटांनी त्याच्याकडे स्वच्छ, सुकवलेला, दळलेला माल दिला, तरी चार घरांत पैसा येईल. हरभरा विकण्यापेक्षा हरभऱ्याचे काहीतरी करून विकणे, हे यातून शिकता आले तर फार झाले.

पण ती पुढची पायरी. पहिली पायरी सोपी आहे. येत्या दिवाळीच्या यादीतून ‘उटण्याची पाकिटे दोन’ एवढी एक ओळ खोडा, आणि डाळीचा डबा उघडा.