डोंगराला नाव विचारू नये

निगडीला आमच्या गच्चीवरून पूर्वी घोरवडेश्वराचा डोंगर दिसे. आता मध्ये एक बारा मजली इमारत उभी आहे. तिच्या इंग्रजी नावात मात्र डोंगराच्या देखाव्याचा उल्लेख आहे! देखावा त्यांना, इमारत आम्हाला, अशी वाटणी झाली.

डोंगरांचा विषय डोक्यात शिरला तो मागच्या भाऊबीजेला. आमच्या सौ.चे मामा चाकणच्या पलीकडे राहतात. वय चौऱ्याऐंशी, शिक्षण चौथी, नजर अजून घारीची. घरामागे डोंगर, पुढे कारखान्याची भिंत. नातीने मोबाईलवर नकाशा काढला. त्यात कारखान्याच्या तिन्ही फाटकांची नावे होती, डोंगराचे नव्हते.

मी मामांना विचारले, "मामा, या डोंगराला काय म्हणतात?"

"डोंगुर," मामा म्हणाले, "अवं पावणं, डोंगराला कशापाई नाव? त्यो काय हरवतोय व्हय?"

मी गप्प बसलो. पण नात चिकट. तिने विचारले, "पणजोबा, तुम्ही गुरं कुठं चारायचात?"

आणि मग जे सुरू झाले ते चहाचे तीन कप होईपर्यंत थांबले नाही. पावसाळ्यात मोरदऱ्यात, कारण तिथे गवत आधी येते. उन्हात पाणकड्याच्या सावलीला. चुकार म्हैस हमखास सापडायची ती करवंदीच्या सोंडेवर. अकरा नावे झाली. डोंगर एकच!

तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रश्नच चुकला होता. कुणब्याला अख्खा डोंगर कधी लागतच नाही. त्याला त्यातली घळ लागते, झरा लागतो, वाट लागते; म्हणून नाव त्यांना. साहेबाच्या काळी जे मोजणीदार साखळ्या घेऊन फिरले त्यांनीही माझ्यासारखेच विचारले असेल आणि मिळाले ते उत्तर रोमन लिपीत उतरवले असेल. त्या लिपीत आपला 'ळ' मावत नाही, 'ण' मावत नाही. जिथे विचारलेच नाही तिथे तर मौजच. खंडाळ्याच्या नागफणीला साहेबाने 'ड्यूक्स नोज' केले. फणा काढलेला नाग त्याला वेलिंग्टनच्या सरदाराच्या नाकासारखा दिसला!

बरे, वरून लादलेले नाव टिकतेच असे नाही. १६६० साली शाहिस्तेखानाने फिरंगोजी नरसाळ्याकडून चाकणचा किल्ला घेतला, त्यानंतर मोगलांनी चाकणचे 'इस्लामाबाद' केले. आज चाकणच्या बाजारात कांदा घेताना कुणाला ते आठवते? लोक रोज ज्या कामासाठी नाव घेतात तोवर त्याला धक्का नाही. काम गेले की नाव जाते. मामांच्या गोठ्यात आता एक गाय आहे आणि ती दावणीलाच खाते.

विलायतेत वेल्स म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या सर्वांत उंच डोंगराला जग 'स्नोडन', म्हणजे बर्फाचा डोंगर, म्हणते. तिथले शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या 'अर् विद्वा' म्हणत आले. त्याचा अर्थ थडग्याचा उंचवटा. खाली एक राक्षस पुरला आहे अशी दंतकथा. २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कारभाऱ्यांनी जुनेच नाव वापरायचे ठरवले. पाहा, इंग्रजी नावात नुसते हवामान आहे, जुन्यात माणूस आहे. राक्षस असला म्हणून काय झाले!

मामांच्या अकरा नावांतही एक माणूस निघाला. उतारावरच्या एका सपाट जागेचे नाव म्हातारीचा विसावा. नातीने विचारले, "कोण म्हातारी?"

"माजी आजी," मामा म्हणाले. सरपणाची मोळी घेऊन ती रोज तिथे टेकायची. मामा नांगर धरायला लागले त्या साली एकदा टेकली ती उठलीच नाही. तेव्हापासून खालच्या शेतालाही तेच नाव पडले.

ते शेत आता विकायचे आहे. गोदाम होणार आहे. मामांच्या मुलाने भाव ठरवला आहे, आणि भाव वाईट नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याने सातबारा पुढे ठेवला. वाचकांनी आपापला उतारा कधी नीट पाहिला आहे का? त्यात 'शेताचे स्थानिक नाव' अशी एक जागा असते. मामांच्या उताऱ्यावर ती कोरी होती.

"हितं लिव्हता येतंय का?" मामांनी विचारले.

"आता कशाला, आबा?" मुलगा म्हणाला. तो चिडला नव्हता. उतारा घडी करून त्याने खिशात ठेवला.

नातीने मात्र अकराही नावे वहीत लिहून घेतली आणि वही मामांपुढे धरली. मामांनी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचले. शेवटच्या ओळीवर बोट थांबले.

"ह्ये खोड बाळे," ते म्हणाले. "विसावा न्हवं. इसावा. म्हातारी इसावा म्हनायची."