पाणी सारखं, नुकसान वेगळं

२६ जुलै २००५ला सांताक्रूझमध्ये एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या पाण्यात कोणाची मोटार बुडाली, कोणाचं शिलाई मशीन. रुपयांत मोटारीचं नुकसान मोठं. पण तिला बहुधा विमा होता, आणि मशीनवर अख्खं घर चालत होतं. नुकसानीच्या एकूण आकड्यात मात्र मशीन दिसतही नाही.

हा अंक त्या न दिसणाऱ्या मशीनबद्दल आहे. जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१६च्या ‘अनब्रेकेबल’ अहवालात मालमत्तेच्या पलीकडे जाऊन बुडालेली मिळकत, तुटपुंजी बचत आणि सावरायला लागणारा काळ हिशोबात धरला. तेव्हा नैसर्गिक आपत्तींमुळे होणारं जगाचं वार्षिक नुकसान ५२० अब्ज डॉलर भरलं. नुसत्या मालमत्तेच्या आकड्यापेक्षा ६० टक्के जास्त. नुकसान कसं मोजायचं हा वाद कागदावरचा नाही. पूरभिंत कुठे बांधायची हे जागेच्या भावावरून ठरलं, तर ती महागड्या वस्तीपुढेच उभी राहणार.

कोल्हापूर-सांगलीने २०१९मध्ये आणि चिपळूणने २०२१मध्ये पूर सोसला. हवामानबदलामुळे असे पाऊस वाढणार असतील, तर मोजमापाची पट्टी आत्ताच तपासायला हवी. पण या गणितांवर आमचा आंधळा विश्वास नाही. सावकाराकडे गेलेलं मंगळसूत्र कुठल्या रकान्यात लिहायचं, हे त्या अर्थतज्ज्ञांनाही नीट जमलेलं नाही.

तुमच्या घरी पुरानंतर पहिला खर्च कशावर झाला, पैसे कुठून आणले? आम्हाला कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.